आगरोधक टीबीबीपीए जीवाणूंकडून फोडून घ्यायचं कसं: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी

आधी रसायन ठरवा, जीवाणूंचं नंतर बघू. दरवर्षी एमएस्सी भाग दोनची मुलं 'मॅडम, आगरोधक खाणारे जीवाणू शोधायचेत' म्हणत येतात. मी विचारते, वस्तू सहज पेटू नये म्हणून घालतात त्या रसायनांपैकी कुठलं आगरोधक? बहुतेकांनी एवढा विचार केलेला नसतो. टीव्हीचं मागचं कव्हर, सोफ्याचा फोम, इमारतीच्या भिंतीतला थर्मोकोल, मोबाइलमधला सर्किट बोर्ड, प्रत्येक ठिकाणी वेगळी मंडळी बसलेली असतात आणि त्यांना फोडणारे जीवाणूही वेगळे. मी सांगली जिल्ह्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे एक एचपीएलसी (मिश्रणातले पदार्थ वेगळे करून प्रत्येकाचं शिखर काढणारं यंत्र), एक स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंगाची गडदता मोजणारं) आणि लाइट गेली की दम टाकणारा इन्व्हर्टर आहे. एवढ्यात, एका सत्रात जमेल असंच मी इथे सांगते आहे.

डेका-बीडीई या आगरोधकाच्या वाटेला जाऊ नका. त्याच्या अंगावर दहा ब्रोमीन. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधल्या एका कामात सांडपाण्याच्या हवाबंद गाळात २३८ दिवसांत ते जेमतेम ३० टक्के कमी झालं. तुमची परीक्षा तेवढी थांबणार नाही. शिवाय ते अर्धवट फुटलं तर जास्त वाईट. २००६ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी दाखवलं की सल्फरोस्पिरिलम डेकाचे दोन-तीन ब्रोमीन काढून थांबतो, आणि डिहॅलोकॉकॉइड्स ऑक्टा, म्हणजे आठ ब्रोमीनवाल्या भावंडांच्या, मिश्रणाला पाच आणि चार ब्रोमीनपर्यंत खाली आणतो. हे खालचे पदार्थ चरबीत जास्त साठतात. म्हणजे डेका कमी झाला म्हणून आपण खूश, आणि बाटलीत मात्र मूळच्यापेक्षा त्रासदायक माल तयार. पेंटा आणि ऑक्टा मिश्रणांतले मुख्य घटक टिकाऊ विषारी रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत २००९ लाच आले, डेका २०१७ मध्ये आला.

एचबीसीडी हा थर्मोकोलमधला. त्याच्यावर सुंदर काम झालंय, आणि त्यात आपला वाटाही आहे: एचसीएच कीटकनाशक पचवणारा स्फिंगोबियम इंडिकम बी९०ए हा भारतीय मातीतला जीवाणू, आणि त्याची लिनए व लिनबी ही एन्झाइमं एचबीसीडीवरही चालतात. पण या रसायनाची आरशातली जुळी रूपं वेगळी मोजायला जी यंत्रं लागतात ती आपल्याकडे नाहीत. सोडून द्या.

क्लोरीनवाले फॉस्फेट, म्हणजे टीसीईपी वगैरे, करता येतील. जपानमधल्या नागाओका तंत्रज्ञान विद्यापीठातल्या गटाने २०१० मध्ये स्फिंगोबियम टीसीएम१ हा जीवाणू सांगितला. तो फॉस्फरसच्या भुकेपायी या पदार्थाचा तुकडा पाडतो. मात्र त्यातून २-क्लोरोइथेनॉल सुटतं, आणि ते स्वतः विषारी. म्हणून त्याच लोकांना पुढे झँथोबॅक्टर जीजे१० हा दुसरा गडी जोडावा लागला. हे लक्षात ठेवा, कारण आपल्या कामातही असंच दोन गड्यांचं प्रकरण आहे.

आपण घ्यायचं टीबीबीपीए, म्हणजे टेट्राब्रोमोबिस्फेनॉल ए. सर्किट बोर्डाच्या हिरव्या पाटीत असतं ते. जगात सगळ्यात जास्त खपणाऱ्या ब्रोमीनयुक्त आगरोधकांपैकी हे एक. आपल्या ई-कचरा नियमांत पीबीबी आणि पीबीडीई (डेका-बीडीई यांच्यातलाच) या ब्रोमीनवाल्या आगरोधकांना वजनाच्या ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, टीबीबीपीएला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्थेने मात्र त्याला २ए गटात, म्हणजे 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या वर्गात ठेवलंय. तेव्हा पांढरी पावडर निरुपद्रवी दिसते म्हणून उघड्या हाताने तोलू नका.

याची वाट इस्रायलमधून येते. नेगेव्ह वाळवंटात बीरशेबाच्या दक्षिणेला रामात होवाव (आता नेओत होवाव) नावाची रासायनिक वसाहत आहे. तिच्या सांडपाण्याने भिजलेल्या एका कोरड्या ओढ्याच्या पात्रातला गाळ रोनेन आणि अबेलिओविच यांनी घेतला. हवेशिवाय ठेवल्यावर त्यात टीबीबीपीए ८० टक्के कमी झालं आणि मागे एकच पदार्थ साठला, बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए. चारही ब्रोमीन गेलेले. पुढे तो हवेत वेगळ्या जीवाणूने पचवला. हे काम २००० साली छापून आलं. आपली सगळी पद्धत याच दोन टप्प्यांवर उभी आहे: आधी हवा बंद, मग हवा चालू. हा क्रम उलटा करू नका. त्याचं कारण पुढे येईल.

गाळ कुठला आणायचा? औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला वाहणाऱ्या ओढ्यातला काळा, सडक्या अंड्याचा वास येणारा गाळ. वरची पिवळट साय बाजूला सारून चार बोटं खालचा घ्या. काचेची रुंद तोंडाची बरणी तिथल्याच पाण्याने काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहणार नाही. सांडपाणी केंद्रातला डायजेस्टरचा, म्हणजे हवाबंद टाकीतला, गाळ मिळाला तर तोही वेगळ्या बाटलीत लावा, आणि कुणाकडे गोबरगॅस चालू असेल तर त्याची मळी तुलनेसाठी. केंद्राच्या आवारात जाण्याआधी महाविद्यालयाचं पत्र न्या. गमबूट, हातमोजे घाला, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं असू द्या.

कोकणातली मुलं खाडीचा गाळ आणायचा म्हणतात. कल्पना चुकीची नाही. समुद्रात स्पंजापासून किड्यांपर्यंत कितीतरी प्राणी ब्रोमीन लावलेले फिनॉल स्वतःच बनवतात, आणि ते फोडणारे जीवाणू तिथे आधीपासून आहेत. भूमध्य समुद्रातल्या एका स्पंजातून डिसल्फोलुना नावाचा असा जीवाणू वेगळाही केलाय. पण टीबीबीपीए फुटल्याची आपली खूण म्हणजे त्यातून सुटलेलं ब्रोमाइड, आणि समुद्राच्या पाण्यात ते मुळातच लिटरला साधारण ६५ मिलिग्रॅम असतं. आपल्याला पकडायचंय ते सहा मिलिग्रॅमच्या आत. माहीमच्या खाडीचा गाळ आणलात तर आपला आकडा त्यात बुडून जाईल. गोड्या पाण्याचा गाळ घ्या.

आता बाटल्या. १६० मिलीच्या सीरम बाटल्या, त्यांना जाड ब्यूटाइल रबराचे बूच आणि वरून अ‍ॅल्युमिनियमची टोपी क्रिम्परने दाबून. साधं लाल रबर किंवा सिलिकॉनचं बूच चालणार नाही, त्यातून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. काच शक्यतो नवी, किंवा ॲसिटोनने धुतलेली. आणि या कामात पॉलिकार्बोनेटची कुठलीही वस्तू नको, ना सेंट्रिफ्यूजच्या नळ्या, ना कडक पारदर्शक डबे. पॉलिकार्बोनेट बीपीएपासूनच बनतं, आणि मग तुमच्या एचपीएलसीत दिसलेला बीपीए जीवाणूंचा की नळीचा, हे देवालाही सांगता येणार नाही. एटीएमची पावती हाताळून लगेच काचेला हात लावू नका; तसल्या कागदावरही बीपीए असतं. मुलांना ही माझी सनक वाटते. वाटू दे.

माध्यम असं. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात डायपोटॅशियम फॉस्फेट २.३ ग्रॅम, मोनोपोटॅशियम फॉस्फेट ०.९ ग्रॅम, डायअमोनियम फॉस्फेट ०.१ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ०.०५ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ०.२ ग्रॅम, सोडियम लॅक्टेट १ ग्रॅम, सूक्ष्म मूलद्रव्यांचं नेहमीचं द्रावण १ मिली, आणि ऑक्सिजन उरलाय का ते दाखवणारा रंग, रिसाझुरिन, १ मिलिग्रॅम. जीवनसत्त्वांचं द्रावण नंतर गाळून घाला, आणि त्यात बी१२ असलंच पाहिजे. हॅलोजन तोडणाऱ्या कितीतरी जीवाणूंना ते लागतं आणि स्वतः बनवता येत नाही.

यात क्लोराइड जवळजवळ नाही आणि बायकार्बोनेटही नाही, ते मुद्दाम. दोन्ही ब्रोमाइडच्या मोजणीत पाय घालतात. अमोनियमही घालतं, म्हणून ते अगदी थोडं. मूळ इस्रायली कामात पेप्टोन, ग्लुकोज घातलेलं भरपूर खाणं होतं. मला ते आवडत नाही. भरपूर खायला दिलं की सगळेच फोफावतात, बाटली गढूळ होते आणि आपल्याला हवा तो गडी गर्दीत मागे पडतो.

माध्यम उकळा, आणि गरम असतानाच नायट्रोजन सोडत सोडत थंड करा. सिलिंडर शक्य तितक्या शुद्ध नायट्रोजनचा घ्या. बाटलीत १० ग्रॅम ओला गाळ आधीच तोलून ठेवलेला असेल. त्यावर नायट्रोजनची सुई धरून माध्यम ओता, एकूण साधारण १०० मिली करा, सुई ओढता ओढता बूच बसवा, टोपी दाबा. मग सिरिंजने सोडियम सल्फाइडचं द्रावण, बाटलीत लिटरला पाव ग्रॅम होईल इतकं. सिरिंज वापरण्याआधी नायट्रोजन ओढून बाहेर टाका, असं तीनदा करा.

इथे बाटलीकडे नीट बघा. रिसाझुरिन आधी निळसर असतं, गरम करताना गुलाबी होतं, आणि ऑक्सिजन पूर्ण संपला की रंगच जातो. गाळ खाली बसल्यावर वरचं पाणी सरबतासारखं गुलाबी दिसत असेल तर बाटली अजून श्वास घेतेय. दुसऱ्या दिवशी सकाळीही गुलाबी छटा उरली असेल तर बूच गळतंय. त्या बाटलीशी भांडत बसू नका, नवीन लावा.

टीबीबीपीए कसं घालायचं हा नाजूक भाग. पाण्यात ते फारच कमी विरघळतं. बहुतेक मुलं मिथेनॉलमध्ये विरघळवून ओततात. त्याने दोन घोटाळे होतात: मिथेनॉल हे मिथेन बनवणाऱ्यांचं आवडतं खाणं, आणि मग बाटलीतली सगळी हालचाल त्याची असते. टीबीबीपीए फिनॉल आहे, अल्कलीत चांगलं विरघळतं. निर्जंतुक केलेल्या ०.०२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात साठा करा, तपकिरी बाटलीत ठेवा. त्यातला १ मिली १०० मिलीत घातला की लिटरला १० मिलिग्रॅम झालं. फॉस्फेट बफर एवढी अल्कली सहज पचवतो. उजेडातही हे रसायन फुटतं, म्हणून सगळ्या बाटल्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि ३० अंशांना ठेवा. उभ्याच ठेवा, आडव्या नकोत; रबर हे रसायन शोषून घेतं.

किती बाटल्या? जिवंत तीन. मारलेल्या तीन: तोच गाळ, तेच माध्यम, पण सलग तीन दिवस रोज एक तास ऑटोक्लेव्ह केलेलं, आणि टीबीबीपीए त्यानंतर घातलेलं. एका दिवसात गाळ मरत नाही, बीजाणू दुसऱ्या दिवशी उगवतात म्हणून तीन दिवस. आणखी दोन बाटल्या जिवंत गाळाच्या, पण टीबीबीपीएशिवाय. मुलं नेमक्या या शेवटच्या दोन गाळतात. त्या नसतील तर गाळातून आपोआप सुटणारं ब्रोमाइड किती, हे कधीच कळणार नाही. मारलेल्या बाटल्याही दिसायला बिनकामाच्या, पण सल्फाइड, लोह आणि बी१२ मिळून जीवाणूंशिवायही थोडंफार ब्रोमीन काढू शकतात. तो वाटा वजा केल्याशिवाय जीवाणूंना श्रेय देऊ नका.

मिथेन थांबवायला कुणी बीईएस वापरा म्हटलं तर ऐकू नका. ब्रोमोइथेनसल्फोनेट! त्याच्या पोटातच ब्रोमीन आहे. पुस्तकातली पद्धत म्हणून ते डोळे झाकून घालतात आणि मग महिनाभर ब्रोमाइड वाढतंय म्हणून पेढे वाटायच्या बेतात असतात.

नमुना दर पंधरवड्याला. बाटली हलवा, गाळ तरंगत असतानाच २ मिली काढा. १ मिली टीबीबीपीए आणि बीपीएसाठी, १ मिली ब्रोमाइडसाठी. पहिल्याचं अर्क काढायचं: त्यात २ मिली अ‍ॅसिटोनायट्राइल, फॉस्फोरिक आम्लाचा एक थेंब, अर्धा तास हलवून सेंट्रिफ्यूज. नुसतं वरचं निवळ घेतलंत तर गाळाला चिकटलेलं टीबीबीपीए मोजणीतून सुटेल, आणि ते नाहीसं झालं असा भास होईल. आम्लाचा थेंब घालताना सल्फाइडचा वायू सुटतो, फ्यूम हूडमध्येच करा. एचपीएलसीत घालण्याआधी पीटीएफईच्या गाळणीतून काढा. नायलॉन फिनॉल धरून ठेवतं. सी-१८ स्तंभ, आम्लयुक्त पाणी आणि अ‍ॅसिटोनायट्राइल. बीपीए आधी बाहेर येतो, टीबीबीपीए सगळ्यात शेवटी, आणि मधे तीन, दोन, एक ब्रोमीनवाल्यांची छोटी शिखरं. ती मधली शिखरं उगवताना आणि मावळताना दिसणं ही या कामातली खरी गंमत. टीबीबीपीएचं शिखर खाली जातं, त्याच्या डावीकडे एक टेकाड उठतं, दोन आठवड्यांनी ते खचतं आणि त्याच्याही डावीकडे दुसरं.

ब्रोमाइडसाठी आयन क्रोमॅटोग्राफी मिळाली तर उत्तम. विद्यापीठात नमुने पाठवा, पण नंबर लागेपर्यंत हातावर हात धरून बसू नका. फिनॉल रेडची जुनी पद्धत टेबलावर होते. १ मिली नमुन्यात झिंक ॲसिटेटचे दोन थेंब घालून सल्फाइड खाली बसवा, सेंट्रिफ्यूज करा, निवळ १० मिलीपर्यंत पातळ करा. त्यात पीएच ४.६ चा ॲसिटेट बफर ०.४ मिली, फिनॉल रेड ०.४ मिली, क्लोरामाइन-टी ०.१ मिली. बरोबर २० मिनिटांनी सोडियम थायोसल्फेट ०.१ मिली घालून क्रिया थांबवा, ५९० नॅनोमीटरला वाचा. क्लोरामाइन-टी ब्रोमाइडचं ब्रोमीन करतं, ते फिनॉल रेडला चिकटून ब्रोमोफिनॉल ब्लू बनतं. पिवळं हिरवट होत निळं-जांभळं होतं. पातळ केलेल्या नमुन्यात लिटरला ०.१ ते १ मिलिग्रॅम एवढ्याच पट्ट्यात ही पद्धत भरवशाची.

गाळाचं पाणी शुद्ध नसतं, त्यातले सेंद्रिय पदार्थ ब्रोमीन मधेच गिळतात. म्हणून मारलेल्या बाटलीच्या पाण्यात पोटॅशियम ब्रोमाइडची ठाऊक मात्रा घालून बघा. घातलेल्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त परत वाचता आलं तर मी पुढे जाऊ देते. त्याहून कमी आलं तर आणखी पातळ करा. प्रबंधात मात्र आयन क्रोमॅटोग्राफीचे आकडे घाला, फिनॉल रेड रोजची दिशा कळायला.

आता मुख्य गोष्ट, हिशोब. टीबीबीपीएचा रेणुभार ५४३.९. त्यात चार ब्रोमीन मिळून ३१९.६, म्हणजे वजनाच्या ५८.८ टक्के ब्रोमीनच. लिटरला १० मिलिग्रॅम टीबीबीपीएतून जास्तीत जास्त ५.८८ मिलिग्रॅम ब्रोमाइड निघणार आणि ४.२ मिलिग्रॅम बीपीए उरणार. एकेका ब्रोमीनला १.४७. वहीच्या पहिल्या पानावर हा पाढा लिहून ठेवा: १.४७, २.९४, ४.४१, ५.८८.

आणि मग प्रत्येक नमुन्याला तीन प्रश्न विचारा. टीबीबीपीए किती गेलं, ब्रोमाइड किती आलं, बीपीए किती आला. समजा १० मधलं ८ मिलिग्रॅम टीबीबीपीए गेलं आणि ब्रोमाइड १.२ च आलं. आठ मिलिग्रॅमच्या एका ब्रोमीनचा हिशोबच १.१८ होतो. म्हणजे प्रत्येक रेणूचा सरासरी एकच ब्रोमीन निघालाय, माल तीन ब्रोमीनवर अडकलाय. 'ऐंशी टक्के विघटन' असं लिहून चालणार नाही. समजा ६ मिलिग्रॅम गेलं आणि ब्रोमाइड शून्य. मग ते फुटलेलंच नाही, कुठेतरी चिकटलंय, किंवा दुसऱ्या वेषात आहे.

हा दुसरा वेष म्हणजेच हवा आधी न देण्याचं कारण. हवेत राहणारे काही मायकोबॅक्टेरियम टीबीबीपीएला फोडत नाहीत, त्याच्या फिनॉलच्या टोकांवर मिथिलच्या टोप्या चढवतात. २००८ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या जॉर्ज आणि हॅगब्लोम यांनी हे दाखवलं. एचपीएलसीत टीबीबीपीएचं शिखर छान खाली जातं, चारही ब्रोमीन मात्र जागच्या जागी, आणि तयार झालेला पदार्थ मूळच्यापेक्षा चरबीत जास्त मुरणारा. 'आमच्या जीवाणूने हवेत इतके टक्के काढलं' असे शोधनिबंध वाचताना मी सगळ्यात आधी ब्रोमाइडचा आलेख शोधते. नसेल तर पान उलटते. ग्वांगडोंगच्या ई-कचरा भागातल्या गाळातून ऑक्रोबॅक्ट्रम टी नावाचा, हवेत ब्रोमीन काढणारा जीवाणू मिळालाय हे खरं. पण अशा गाळात तुमच्या हाताला तोच लागेल यावर सत्र पणाला लावू नका.

धीर धरा. पहिले काही आठवडे आलेख सपाट असतो. मग एकदम घसरतो. जुलैत लावलेल्या बाटल्या गणपतीच्या सुट्टीत थंड असतात आणि दिवाळीच्या आसपास जाग्या होतात, असं धरून चाला. पहिली मात्रा संपली की अल्कलीतल्या साठ्यातून दुसरी १० मिलिग्रॅम द्या, सोबत थोडं लॅक्टेट. दुसरी मात्रा पहिलीपेक्षा लवकर संपली तर जीवाणू खरोखर वाढलेत. तोपर्यंत इनक्युबेटर दोन तास बंद पडला तरी बाटल्यांना काही होत नाही, घाबरून उघडून बघू नका. आमचे प्रयोगशाळेतले मामा त्या खोलीवर 'बाटली हलवू नये' अशी चिठ्ठी लावतात, ती फार उपयोगी पडते.

तोवर दुसरा गडी, म्हणजे हवेत बीपीए पचवणारा जीवाणू, तयार करा. हे सोपं. सांडपाणी केंद्राच्या हवा सोडणाऱ्या टाकीतला गाळ ५ मिली, वरच्याच माध्यमातून लॅक्टेट, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, सल्फाइड वगळून केलेल्या १०० मिलीत. कार्बनचा एकमेव स्रोत बीपीए, लिटरला ५० मिलिग्रॅम. कापसाचा बोळा लावून शेकरवर. निवळ २७८ नॅनोमीटरला वाचत राहा, वाचन पडू लागलं की ५ टक्के नव्या माध्यमात घ्या. असं तीन-चारदा केलं की चांगली कल्चर मिळते, बहुतेक वेळा स्फिंगोमोनास कुळातली पिवळसर वसाहत. प्लेटवर वसाहत आली म्हणजे ती बीपीए खाते असं समजू नका. आगरच्या मळावरही कितीतरी जण जगतात. परत द्रवात घालून तपासा.

ब्रोमाइड ५.८८ च्या जवळ पोचलं, बीपीए साठला, की बाटली उघडायची. ५०० मिलीच्या चंचुपात्रात नव्हे, शंकूपात्रात ओता, बोळा लावा, शेकरवर ठेवा. काळा गाळ बघता बघता राखाडी आणि मग तपकिरी होतो, कारण लोह गंजतं. रिसाझुरिन परत गुलाबी झालं म्हणजे सल्फाइड संपलं, हवा पोचली. तेव्हा दुसऱ्या गड्याची ५ मिली कल्चर घाला. आधी घातलीत तर सल्फाइडच तिला मारेल. बीपीए दिवसांत मोजावा असा उतरतो. वाटेत ४-हायड्रॉक्सीअ‍ॅसिटोफिनोन आणि ४-हायड्रॉक्सीबेंझॉइक आम्ल ही शिखरं दिसून जातात. हवेशिवायच्या बाटल्यांत बीपीए कितीही दिवस ठेवला तरी तसाच राहतो, तो तिथे संपेल म्हणून वाट बघू नका. आणि टीबीबीपीए थोडं उरलं असताना घाई करून हवा दिलीत तर वर सांगितलेल्या टोप्यांचा धोका आहे, तेव्हा एचपीएलसीत शेवटचं, म्हणजे टीबीबीपीएचं, शिखर गेल्याशिवाय बाटलीची टोपी काढू नका.

हवेशिवायची कल्चर टिकवायची असेल तर दर दोन महिन्यांनी १० टक्के नव्या बाटलीत न्या. पहिल्या दोन-तीन वेळा सोबत थोडा निर्जंतुक गाळ घाला. गाळ एकदम काढून टाकला की कितीदा काम थांबतं; त्यांना नुसतं रसायन नाही, घरही लागतं.

दरवर्षीचा प्रश्न: मॅडम, मदरबोर्ड कुटून याच गाळात घातला तर? काही होणार नाही. बोर्डातलं बहुतेक टीबीबीपीए इपॉक्सीच्या साखळीत रासायनिक बंधांनी विणलेलं असतं, जीवाणूच्या हाताला लागतच नाही. ही पद्धत सुटं झालेल्या टीबीबीपीएसाठी, म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्यासाठी, भंगाराच्या आवारातल्या धुळीतून ओढ्यात गेलेल्यासाठी. प्लास्टिकच्या कव्हरात ते नुसतं मिसळलेलं असतं, तिथून ते निसटतं. आणि कुणी 'ई-कचरा खाणारं कल्चर' म्हणून कॅन विकायला आलं तर त्याला ब्रोमाइडचा आलेख मागा.

आवराआवर. जीवाणूंचं सगळं, बाटल्यांसकट, ऑटोक्लेव्ह. ऑटोक्लेव्हने टीबीबीपीए मरत नाही, म्हणून मारलेल्या बाटल्यांतलं आणि उरलेल्या साठ्यातलं द्रव सिंकमध्ये ओतायचं नाही. अ‍ॅसिटोनायट्राइलचे अर्क वेगळ्या काचेच्या बाटलीत, 'हॅलोजनयुक्त' असं लिहून. महाविद्यालयाच्या घातक कचऱ्यात ते जातं आणि तिथून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या प्रकल्पात. रिकाम्या बाटल्या आणि बूच दोनदा ॲसिटोनने विसळा, तेही त्याच हॅलोजनच्या बाटलीत. बूच मात्र परत वापरू नका.